दम तुटेपर्यंत

परवा शनिवारी सकाळी दार उघडलं तर ओट्यावर न सोललेला नारळ, आणि त्याच्याशेजारी पायरीवर बसून बुटांच्या तळाचे चिखलाचे पोपडे काढणारा माझा भाचा रोशन. पोलादपूरजवळच्या कापड्याहून पहिल्या गाडीनं आलेला. माहेरचा नारळ म्हणून मी तो उचलून आत न्यायला निघाले, तर रोशन बसल्या जागेवरून ओरडला, "आत्ये, सोलू नको गो त्याला! तो आमचा बॉल हाय!"

मी नारळ हातात धरून उंबऱ्यात तशीच उभी. म्हणजे पुन्हा? गेल्या वर्षी जे झालं ते ह्या डोळ्यांनी पाहून, अख्खी दिवाळी फराळाला हात न लावता काढून, पुन्हा तेच? तेवढ्यात माझा मुलगा वेदांत तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला, त्यानं माझ्या हातातला नारळ अलगद काढून घेतला आणि दोघं परसात गेले. थोड्याच वेळात तिकडून धप्प, धप्प असे आवाज सुरू झाले. प्रत्येक धप्पला मी चहा गाळायचा सोडून खिडकीशी जात होते.

घरचे म्हणतात, मी फार पटकन हादरते. खरं आहे. कुकरच्या शिट्टीलाही मी दचकते. पण महाडसारख्या गावात, पंधरा वर्षं मराठी शिकवणाऱ्या बाईच्या परसात, दोन पोरं न सोललेला नारळ छातीशी धरून रग्बी खेळतात, ह्यात दचकण्यासारखं काही नाही असं ज्याला वाटतं, त्याच्याच काळजाबद्दल मला शंका आहे.

भादवा उतरला की आमच्याकडे हा मोसम लागतो. गणपती पोचवून मुंबईकर परत गेलेले असतात, महामार्गावरची गर्दी ओसरते, हळव्या भाताच्या लोंब्या पिवळ्या पडायला लागतात. दुपारचं ऊन असं पडतं की डोकं उठावं, आणि चारच्या सुमाराला रायगडाच्या बाजूनं ढग गुरगुरायला लागतात. सावित्री नदीचं तांबडं पाणी निवळत निवळत हिरवं होतं. मैदानं वरून सुकलेली आणि आतून ओली. पाय ठेवला की टाच आत जाते. पूर्वी ह्या दिवसांत मला सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका आठवायच्या. आता चिखलात रुतलेले बूट आठवतात.

हा खेळ इथे आला कसा, तर आमच्या दोन शाळांच्या भांडणातून. महाडची आमची आणि पोलादपूरची त्यांची, दोन्ही खासगी, दोन्ही इंग्रजी माध्यमाच्या. त्यांनी बस घेतली की आम्ही तिच्यापेक्षा लांब बस घ्यायची. आम्ही स्नेहसंमेलनाला मालिकेतली सासू आणली की त्यांनी पुढच्या महिन्यात मालिकेतली सून आणायची. दहावीच्या निकालानंतर दोन्ही शाळांचे फलक महामार्गावर शेजारी शेजारी उभे राहतात, आणि एकमेकांच्या गुणवंतांकडे दोन्हीकडचे गुणवंत रागानं बघताहेत असं वाटतं. फक्त कबड्डीत दोघांचीही बोंब. तिथे गावागावांतल्या हायस्कुलांची पोरं येऊन आम्हा दोघांनाही लोळवून जायची.

मग आमच्या खेळाच्या सरांनी शोध लावला. शिक्षकांच्या खोलीत येऊन ते म्हणाले, "मॅडम, रग्बी. आपल्याकडे हा खेळ कोणी खेळतच नाही. म्हणजे उतरलो की जिंकलोच." शिवाय दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, हे ऐकल्यावर पालकांचा विरोधही विरघळला. पण महाडात चेंडू आला ही बातमी पोलादपूरला पोचायला वेळ लागला नाही. त्यांनीही चेंडू आणला. झालं, जिंकलोच म्हणणारे दोघं झाले.

शाळेला चेंडू एकच, तोही कपाटात कुलपात. म्हणून पोरांनी न सोललेला नारळ काढला. आकार तोच, वजन थोडं जास्त, आणि पायावर पडला की काय होतं ते सगळ्या आयांना माहीत झालं. माझ्याकडे प्रथमोपचाराची पेटी दिली गेली, कारण मराठीच्या बाईला दुपारनंतर काय काम असतं! कापूस, आयोडीन, गुंडाळायची पट्टी आणि क्षारांची पाकिटं. ती पेटी मांडीवर घेऊन मी रेषेबाहेर बसायचे आणि प्रत्येक टकरीला डोळे मिटून घ्यायचे.

वेदांत आमच्या शाळेच्या संघात. रोशन पोलादपूरच्या. आते-मामे भाऊ, एकाच वर्षातले, एक दांडगा आणि एक सुळसुळीत. दोघांना धरपकड शिकवली ती एकाच माणसानं, माझ्या थोरल्या भावानं, म्हणजे रोशनच्या बापानं.

दादा तरुणपणी कापड्याच्या कबड्डी संघातून चढाई करायचा. आजही पोलादपूरच्या बाजारात पन्नाशीचे बाप्ये त्याला थांबवून जुन्या चढाया सांगतात आणि तो लाजतो. मे महिन्यात वेदांत मामाकडे गेला की संध्याकाळी खळ्यावर शाळा भरायची. शेणानं सारवलेलं खळं, मधोमध दादानं राखेनं ओढलेली रेष, फणसाचा वास, गोठ्यातून टकामका बघणारी जनावरं. वहिनी दारातून ओरडायच्या, "आता पुरे करा, अंगाला शेण लागलं सगलं!" कोणी ऐकायचं नाही. दादाचे नियम दोनच होते. चढाई करणाऱ्याला सांगायचा, "काय पण होवदे, दम तोडायचा नाय. हात रेषेला लागला की तू जिता." आणि पकड करणाऱ्याला सांगायचा, "त्याचा दम तुटेस्तोवर सोडायचा नाय. हाडं मोडली तरी नाय." दोन्ही पोरं मान डोलवायची. मी बाजूला फणसाचे गरे सोलत बसलेली असायचे आणि मला ह्यात काही धोक्याचं दिसायचं नाही. ह्याच दोन नियमांवर आमचं सगळं बालपण गेलं होतं.

पहिल्याच सामन्याला त्याचे परिणाम दिसले. रोशनला चेंडू मिळाला आणि तो असा सुटला की आमची अकरावीतली पोरंसुद्धा त्याच्या सावलीला हात लावू शकली नाहीत. शेवटच्या रेषेपाशी पोचला. आता चेंडू जमिनीला टेकवला की झालं. पोरगं तिथे वळलं, पुन्हा सगळ्यांना चुकवत धावत धावत आपल्या बाजूला परत आलं, आणि मधली रेष ओलांडल्यावर चेंडू खाली ठेवून त्यानं छातीवर थाप मारली. त्याच्या मते चढाई पूर्ण झाली होती. घरी परत आल्याशिवाय चढाई पूर्ण होते कुठे?

त्याहून कहर म्हणजे बघायला आलेल्या सगळ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या बाजूच्यांनीसुद्धा. मुंबईहून आलेले पंच शिट्टी तोंडात धरून बघत राहिले. "ये वापस क्यूँ आया?" असं त्यांनी आमच्या सरांना विचारलं. सरांनी आपले हात पाठीमागे घेतले, कारण टाळ्या त्यांनीही वाजवल्या होत्या. महिनाभर त्या गोष्टीवर हसलो आम्ही. आज वाटतं, हसण्याऐवजी कोणीतरी त्या पोरांना खाली बसवून सांगायला हवं होतं की बाबांनो, हा खेळ वेगळा आहे. पण सांगणार कोण? आम्हालाच कुठे तो समजला होता!

गेल्या वर्षीचा सामना आमच्या मैदानावर झाला. आमचं मैदान म्हणजे एकेकाळचं भाताचं खाचर. बांध फोडून सपाट केलं तरी पावसानंतर जुन्या बांधांच्या ओळी वर येतात. आदल्या दिवशी पावसाची सर आली होती. चिखलाला भातशेताचाच वास होता. दादा आणि वहिनी आले होते. वहिनी माझ्या शेजारच्या खुर्चीवर, मांडीवर दोन्ही पोरांसाठी भाकरी आणि सुकटीच्या चटणीचा डबा. दादा रेषेपाशी उभा, पायजमा वर खोचलेला, चपला काढून बाजूला ठेवलेल्या.

सामना अर्धा झाल्यावर रोशनच्या हातात चेंडू आला. तो डावीकडून निघाला, एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, आणि वेदांतनं त्याला कंबरेतून धरला. दोघं आडवे. चेंडू सुटून लांब गेला, तो दुसऱ्याच कोणीतरी उचलला आणि बाकीची सगळी पोरं त्याच्यामागे नदीच्या बाजूला पळाली. रग्बीत पाडलेल्या माणसाला लगेच सोडायचं असतं. तो नियम आहे, मला आता तोंडपाठ आहे.

वेदांतनं सोडलं नाही. आणि चिखलात तोंड असलेल्या रोशनच्या घशातून आवाज यायला लागला, "कबड्डी कबड्डी कबड्डी…" त्याचा उजवा हात मधल्या रेषेकडे सरकत होता. फक्कीची ती पांढरी रेष त्याच्यापासून हातभर लांब.

तो शब्द कानावर पडला आणि मैदानाभोवतीची माणसं बदलली. नदीच्या बाजूला काय चाललंय ते कोणी बघेना. "धर! सोडू नको!" "रेष घे! रेष घे रे!" बायका उठून उभ्या राहिल्या. मी एका दमात वेदांतला "धर" म्हणत होते आणि दुसऱ्या दमात रोशनला "सूट" म्हणत होते. दोघंही माझेच. सगळ्यांच्या वर दादाचा आवाज होता. "रोशन, दम तोडू नको! वेद्या, पाय दाब त्याचे, पाय!" तो दोघांनाही शिकवत होता, खळ्यावर शिकवायचा तसाच. पंच लांबून शिट्टी वाजवत धावत येत होते. "छोडो! सोडा, सोडा त्याला!" त्यांची शिट्टी आम्हाला ऐकू येत होती, पण ती ह्या दोघांसाठी आहे हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मग आवाज बारीक झाला. मग नुसते ओठ हलत राहिले. मग ते थांबले. त्या क्षणी वेदांतनं हात सोडले आणि उठून दोन्ही हात वर केले. दम तुटला होता, त्यानं सोडलं होतं, मामानं शिकवल्याबरहुकूम.

रोशन उठला नाही.

मी त्याच्यापर्यंत कशी पोचले ते मला आठवत नाही. आठवतो तो त्याच्या ओठांचा रंग. जांभळं खाल्ल्यावर होतो तसा. मी पेटी उघडली. कापूस, आयोडीन, पट्टी, पाकिटं. पुन्हा एकदा तेच सगळं बघितलं. श्वासासाठी तिच्यात काहीच नव्हतं. मागे वहिनींच्या मांडीवरचा डबा पडल्याचा आवाज झाला. दादा चिखलात गुडघ्यांवर बसला होता आणि पोराला नावानं हाका मारत होता. पंचांनी रोशनला कुशीवर वळवलं, बोटांनी तोंडातला चिखल काढला, पाठीवर तळहात दाबला. आणि मग त्यानं श्वास घेतला. तो आवाज मी अजून ऐकते. कोरड्या विहिरीतून घागर ओढावी तसा.

शाळेच्या त्या लांबलचक बसमधून त्याला बाजारपेठेजवळच्या दवाखान्यात नेलं. रोशनचं डोकं वहिनींच्या मांडीवर. वेदांत सगळ्यात मागच्या बाकावर, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून. मी मध्ये उभी, दांडीला धरून. कोणाजवळ बसावं ते मला कळेना.

डॉक्टर म्हणाले, बरगडीला चीर गेली आहे, फुप्फुस सुखरूप आहे, श्वास कोंडून शुद्ध गेली होती. आजची रात्र इथे राहू दे. आम्ही सगळे खाटेभोवती उभे असताना रोशननं डोळे उघडले. त्यानं आईला विचारलं नाही, काय झालं विचारलं नाही. तो म्हणाला, "रेष लागली का?"

रेष लागली नव्हती. गावानं बघितलं होतं. हातभर राहिली होती.

"लागली," दारातून वेदांत म्हणाला. "लागली रे. तू सुटलास."

रोशन हसला आणि त्यानं डोळे मिटले. वेदांत, जो पत्त्यांच्या डावातसुद्धा एक हात कोणाला सोडत नाही, तो बाहेर गेला आणि कठड्याला धरून ओकला. दादा त्याच्या मागून बाहेर गेला, पण त्याच्याकडे गेला नाही. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाठमोरा उभा राहिला. मी जवळ गेले तरी त्यानं मान वळवली नाही. मग वहिनी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, तुमी जावा आता घरी. आमी हाव इथं."

आमी हाव. एवढंच बोलल्या त्या, आणि तेही साधेपणानं. पण मला त्या दोन शब्दांत माझं माहेर बंद झाल्याचं ऐकू आलं. माझ्या मुलानं त्यांच्या मुलाचा श्वास कोंडला होता. आई-वडील गेल्यापासून कापड्याला माझं म्हणावं असं दादाच्या घराशिवाय काय आहे? त्या दिवसापर्यंत हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता, की ते घर एका दुपारीत जाऊ शकतं.

पुढचे दिवस वाईट गेले. मी फोन केला की वहिनी उचलायच्या. रोशन बरा हाय, जेवतो, झोपतो. दादा? "भात कापाया गेलेत." दुसऱ्या दिवशीही भात कापायला गेलेले, तिसऱ्या दिवशीही. दादाचं शेत केवढं ते मला माहीत आहे. आमच्या ह्यांचं म्हणणं, कापणीच्या दिवसांत माणसं फोनवर कुठे बोलतात. मी हो म्हणायचे.

इकडे वेदांतनं संघातून नाव काढलं. तेवढंच असतं तर मी पेढे वाटले असते. पण त्यानं काहीच धरायचं सोडून दिलं. दिवाळीच्या आधी मी गोधड्या धुतल्या. दरवर्षी एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे, दोघांनी उलटसुलट पीळ द्यायचा. ह्या वेळी मी पीळ घातला की गोधडीला ताण बसायचा आणि तो हात सोडून द्यायचा. गोधडी चिखलात. पुन्हा धुतली, पुन्हा तेच. "नीट धर की रे!" मी खेकसले. तो हातांकडे बघत म्हणाला, "आई, मला कळत नाही कधी सोडायचं ते." मी गोधडी तशीच तारेवर टाकली, ती दिवसभर गळत राहिली.

भाऊबीजेला दादा आमच्याकडे येतो. माझ्या लग्नापासून चुकलेला नाही. त्या दिवशी मी सकाळीच ताट करून ठेवलं. दहाच्या गाडीनं तो येतो, ती गाडी आली आणि गेली. मी स्वयंपाकघरात उगीच डबे पुसत बसले. जेवणाची वेळ झाली. मी निरांजनातलं तूप परत वाटीत काढलं.

उन्हं कलल्यावर फाटक वाजलं. दादा. मागे वहिनी. आणि त्यांच्या मागे बेतानं पाय टाकणारा रोशन, हातात न सोललेला नारळ. दादाच्या अंगात नवा पांढरा सदरा, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. मी ताट उचलून पुढे आले, तर तो म्हणाला, "थांब गो सुमे. आधी वेद्या कुठं हाय?"

वेदांत आतल्या खोलीतून येऊन दारात उभा राहिला, हात मागे घेऊन. दादानं त्याच्याकडे एकदाच बघितलं. मग अंगणाच्या मधोमध गेला आणि त्या नव्या सदऱ्यासकट मातीत पालथा पडला.

"धर मला."

शेजारच्या काकू कुंपणापलीकडे तारेवरचे कपडे काढता काढता थांबल्या.

"मामा, नको," वेदांत म्हणाला. "मी नाही धरणार."

"धर म्हणतो ना. कंबरेतून धर." दादाचं तोंड मातीकडे होतं. "पोरांनो, मी तुमाला अर्धाच खेल शिकवला. माझी चूक हाय ती, तुजी नाय. तोंड कसं दाखवू म्हनून आलो नाय इतके दिस. आता धर. मी जमिनीवर हात आपटला की सोडायचा. माझा दम असो नायतर नसो. हात आपटला की सोड."

वेदांत रडायला लागला. रोशन पायरीवर बसून म्हणाला, "जा रे. जोरात धर पन, बाबा सुलसुलीत हाय."

तो गेला. गुडघ्यांवर बसला, मामाच्या कंबरेला त्यानं हात घातले आणि धरलं. दादा म्हणायला लागला, कबड्डी कबड्डी कबड्डी, आणि सगळ्या अंगानं पुढे सरकला, मातीत, पांढऱ्या सदऱ्यानं, पंचावन्न वर्षांचा माझा भाऊ. त्याची मान फुगली. मग त्यानं तळहात जमिनीवर आपटला, आणि वेदांतचे हात तत्क्षणी सुटले.

"आणिक एकदा," दादा म्हणाला.

पुन्हा धरलं. पुन्हा हात आपटला. पुन्हा सोडलं. किती वेळा ते मी मोजलं नाही. वहिनी कधीतरी माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझ्या हातातलं कलंडणारं ताट सरळ केलं. "नवा सदरा," त्या म्हणाल्या, "आजच काढला व्हता." आणि पदर तोंडाशी नेऊन हसल्या की रडल्या, ते मला कळलं नाही.

अखेर दादा पाटावर येऊन बसला. धाप लागलेली, केसांत माती, कपाळावर माती. मी पुसायला पदर पुढे केला.

"ऱ्हाऊ दे गो," तो म्हणाला. "लाव तसंच."

मी मातीवरच कुंकू लावलं.